विद्रूपीकरण कोण ठरवतं? न्यूयॉर्कच्या भिंती, पैशाची हाव आणि आपली शहरं

१५ सप्टेंबर १९८३. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मायकेल स्टुअर्ट नावाच्या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी पकडलं. आरोप काय, तर तो स्थानकाच्या भिंतीवर लिहीत होता. पोलिसांनी त्याला रुग्णालयात आणलं तेव्हा त्याचे हातपाय बांधलेले होते आणि तो बेशुद्ध होता. तो शुद्धीवर आलाच नाही. २८ सप्टेंबरला त्याचा मृत्यू झाला.

१८ मे २०१७. तेच न्यूयॉर्क शहर. सदबीज या लिलावगृहात ज्याँ-मिशेल बास्किया या कृष्णवर्णीय चित्रकाराचं १९८२ सालचं एक चित्र ११ कोटी ५ लाख डॉलरला विकलं गेलं. त्या वेळच्या दराने सातशे कोटी रुपयांहून जास्त. या बास्कियाची सुरुवात कुठे झाली होती? त्याच शहराच्या भिंतींवर, रात्रीबेरात्री, स्प्रेच्या डब्याने.

मित्रांनो, एकाच शहरातली ही दोन टोकं आहेत. भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून एकाचा जीव जातो आणि भिंतीवर लिहिणाऱ्या दुसऱ्याच्या चित्रावर श्रीमंत लोक शेकडो कोटींची बोली लावतात. मग भिंतीवरचा रंग गुन्हा केव्हा असतो आणि कला केव्हा? न्यूयॉर्कच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाने याचं उत्तर स्पष्ट दिलेलं आहे. ब्रश कुणाच्या हातात आहे आणि भिंतीखालच्या जमिनीला भाव काय आहे, या दोन गोष्टींवर ते ठरतं. हे आपण का समजून घ्यायचं, तेही पुढे येईलच. आधी इतिहास पाहू.

एका पोऱ्याने विचारलेला प्रश्न

१९७१ च्या जुलै महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एका पोराची बातमी छापली. शहरभर, रेल्वेच्या डब्यांत, खांबांवर, दारांवर ‘ताकी १८३’ अशी अक्षरं दिसत होती. ही अक्षरं लिहिणारा ग्रीक स्थलांतरित कुटुंबातला, मॅनहॅटनच्या वरच्या भागात १८३ व्या रस्त्यावर राहणारा मुलगा होता. निरोप्याचं काम करायचा आणि जाईल तिथे मार्करने आपलं नाव लिहायचा.

पत्रकाराशी बोलताना त्याने एक प्रश्न विचारला, तो फार महत्त्वाचा आहे. निवडणुका आल्या की राजकीय पक्षांचे लोक रेल्वेत सगळीकडे चिकटपट्ट्या लावतात, त्यांच्यामागे कुणी लागत नाही. मग आमच्यासारख्या लहान माणसांच्याच मागे का लागता? असा त्याचा सवाल होता.

या प्रश्नाचं उत्तर शहराने कायद्याने दिलं. महापौर जॉन लिंडसे यांनी ग्राफिटीविरुद्ध मोहीम उघडली आणि १९७२ मध्ये शहराने त्यासाठी खास कायदा केला. पक्षांच्या चिकटपट्ट्यांविरुद्ध अशी मोहीम निघाल्याचं कुणाला आठवत नाही. त्याच १९७२ च्या मे महिन्यात आपल्या मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, हा योगायोग लक्षात ठेवा. पँथर हे नावच आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाकडून घेतलं होतं. झोपडपट्टीतल्या पोरांना आपला आवाज शहराच्या कानावर घालायचा होता, इथेही आणि तिथेही.

आग कुणी लावली?

ही पोरं भिंतींवर का लिहीत होती? त्यासाठी त्या काळच्या ब्रॉंक्सकडे पाहावं लागतं.

१९३० च्या दशकात अमेरिकेत गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे तयार झाले. ज्या वस्त्यांमध्ये कृष्णवर्णीय आणि गरीब स्थलांतरित राहतात त्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने रंगवल्या गेल्या. लाल म्हणजे धोक्याची वस्ती, तिथे कर्ज देऊ नका. म्हणजे रंग आधी सत्ताधाऱ्यांनी नकाशावर लावला, पोरांनी भिंतीवर लावला तो पुढे तीस-चाळीस वर्षांनी. नकाशावरच्या त्या रंगाला कुणी विद्रूपीकरण म्हटलं नाही, पण पिढ्यान्‌पिढ्यांची घरं त्याने उद्ध्वस्त केली.

कर्ज नाही, दुरुस्ती नाही, त्यात १९५०-६० च्या दशकांत क्रॉस ब्रॉंक्स एक्सप्रेसवे हा महामार्ग नांदत्या वस्त्या फोडून काढलेला. इमारतींचे भाव कोसळले. भाड्यापेक्षा विम्याची रक्कम जास्त मिळते हे काही घरमालकांच्या लक्षात आलं आणि इमारती पेटू लागल्या. आगीची कारणं अनेक होती, पण पैसे देऊन लावलेल्या आगी हे त्यातलं एक उघड कारण होतं. त्याच काळात शहराने खर्च वाचवायला अग्निशमन केंद्रंही बंद केली, आणि तीही बहुतेक गरीब भागांतली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्रॉंक्सच्या काही भागांत जवळपास सगळ्या इमारती आगीत किंवा ओसाड पडून नष्ट झाल्या.

१९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मदत नाकारली तेव्हा ‘डेली न्यूज’ने मथळा दिला, त्याचा अर्थ होता: फोर्ड शहराला सांगतात, मरा. फोर्ड यांनी हे शब्द उच्चारले नव्हते, पण गरीब वस्त्यांना निरोप बरोबर कळला होता.

आता पुढची गंमत पाहा. १९८२ मध्ये दोन अभ्यासकांनी ‘फुटक्या खिडक्यां’चा सिद्धांत मांडला. खिडकी फुटलेली तशीच राहू दिली की तिथे गुन्हेगारी वाढते, म्हणून लहानसहान बेशिस्त आधी मोडून काढा, असा त्याचा सारांश. हा सिद्धांत पुढे पोलिसांचा आवडता झाला आणि त्याचा बडगा ग्राफिटी करणाऱ्या पोरांवर उतरला. पण ब्रॉंक्सच्या हजारो खिडक्या कुणाच्या हावेने फुटल्या, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

आणि शहराने त्या फुटक्या खिडक्यांचं काय केलं? १९८३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या पालिकेने क्रॉस ब्रॉंक्स महामार्गालगतच्या ओसाड इमारतींच्या खिडक्यांवर चित्रं चिकटवली! पडदे, झडपा, फुलांच्या कुंड्या यांची चित्रं. महामार्गावरून मोटारीने जाणाऱ्याला वाटावं की इथे माणसं सुखाने नांदताहेत. म्हणजे भिंतीवर खोटं चित्र लावायला सरकारी तिजोरीतून पैसा मिळत होता आणि भिंतीवर स्वतःचं खरं नाव लिहिणाऱ्याला तुरुंग मिळत होता. दुटप्पीपणाचा याहून स्वच्छ पुरावा कुठे शोधायचा?

मायकेल स्टुअर्टचा खटला

महापौर एड कॉच यांच्या काळात रेल्वेच्या यार्डाभोवती काटेरी कुंपणं आणि शिकारी कुत्रे आले. कुत्र्यांऐवजी लांडगे सोडले असते तर बरं, असंही हे महापौर बोलून गेले होते. चित्र काढणाऱ्या पोरांवर लांडगे! याच वातावरणात मायकेल स्टुअर्ट पकडला गेला.

स्टुअर्ट चित्रकार होऊ पाहणारा मुलगा होता. युनियन स्क्वेअरजवळ पोलीस त्याला मारत असताना समोरच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी खिडक्यांतून पाहिलं, त्याच्या किंकाळ्या ऐकल्या. शवचिकित्सा करणाऱ्या अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत बदललं. सहा पोलिसांवर खटला चालला. ज्युरीतले सगळेच्या सगळे सभासद गोरे होते. नोव्हेंबर १९८५ मध्ये सहाही पोलीस निर्दोष सुटले. १९९० मध्ये तडजोड होऊन कुटुंबाला १७ लाख डॉलर मिळाले. शिक्षा कुणालाच झाली नाही.

आपल्याला हे ओळखीचं वाटतं ना? साक्षीदार आहेत, प्रेत आहे, पण आरोपी निर्दोष. खर्ड्याचं नाव ज्यांच्या काळजावर कोरलेलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बास्कियाने ही बातमी ऐकली तेव्हा तो हादरला. माझ्या बाबतीतही हेच घडू शकलं असतं, असं तो म्हणाला. कीथ हॅरिंग या आपल्या चित्रकार मित्राच्या स्टुडिओतल्या भिंतीवर त्याने एक चित्र काढलं. मध्ये एक काळी आकृती, दोन बाजूंना दंडुके उगारलेले पोलीस. चित्रावर त्याने स्पॅनिश वळणाने लिहिलेला एक शब्द आहे, त्याचा अर्थ विद्रूपीकरण. शिवाय त्या शब्दाला प्रश्नचिन्हं जोडलेली आहेत. विद्रूप काय झालं? भिंत, की त्या पोराचं शरीर? एवढाच त्याचा प्रश्न होता.

कीथ हॅरिंग गोरा होता. माणूस म्हणून तो वर्णद्वेषाच्या विरोधात उभा राहिलेला होता, म्हणून त्याच्यावर दोष ठेवण्याचं कारण नाही. पण त्याच्या वाट्याला काय आलं ते तुलनेसाठी पाहिलंच पाहिजे. तोही रेल्वे स्थानकांत विनापरवाना खडूने चित्रं काढायचा, त्यालाही अनेकदा पकडलं. १९८६ मध्ये त्याने हार्लेमच्या एका मैदानातल्या भिंतीवर विनापरवाना अमली पदार्थांविरुद्ध मोठं चित्र काढलं. त्याला दंड झाला. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, आणि मग शहरानेच त्याला ती भिंत पुन्हा रंगवायला बोलावलं. ते चित्र आज शहर अभिमानाने जपतं. कृती तीच, कायदा तोच. एकाला दंड आणि मग सन्मान, दुसऱ्याला मृत्यू.

बाजार आला की सोवळं सुटतं

दुसरीकडे पैसेवाल्यांना या रंगाचा वास लागला होता. १९७३ मध्येच सोहो भागातल्या एका गॅलरीत ग्राफिटी करणाऱ्या मुलांचं प्रदर्शन झालं होतं. १९८० नंतर ईस्ट व्हिलेजमध्ये गॅलऱ्या उघडल्या, रस्त्यावरच्या पोरांची चित्रं कॅनव्हासवर विकली जाऊ लागली. रेल्वेच्या डब्यावर जे चित्र काढल्यावर मागे कुत्रे लागायचे तेच चित्र चौकटीत बसवलं की गिऱ्हाइकं वाइनचे पेले घेऊन त्यासमोर उभी राहायची.

बास्कियाचं ते २०१७ मध्ये विकलं गेलेलं चित्र १९८४ मध्ये १९ हजार डॉलरला गेलं होतं. चित्रकार १९८८ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी मेला. १९ हजाराचे ११ कोटी झाले ते त्याच्या मरणानंतर. मधल्या वाढीतला पैसा ब्रॉंक्समध्ये किंवा ब्रुकलिनमध्ये गेला नाही, हे वेगळं सांगायची गरज नाही.

आणि रेल्वेचं काय झालं? १२ मे १९८९ रोजी रेल्वे प्राधिकरणाने जाहीर केलं की आता एकही रंगवलेली गाडी धावत नाही. स्वच्छतेचा विजय झाला! त्यानंतर त्याच प्राधिकरणाने गाड्यांचे डबेच्या डबे जाहिरातींसाठी भाड्याने दिले. २०१५ मध्ये टाइम्स स्क्वेअर आणि ग्रँड सेंट्रल यांच्यामध्ये धावणाऱ्या गाडीची आसनं ॲमेझॉनच्या एका मालिकेच्या जाहिरातीने मढवली गेली. त्या मालिकेत नाझींनी युद्ध जिंकलेलं दाखवलंय, म्हणून आसनांवर नाझी राजवटीची आठवण करून देणारी चिन्हं आली. प्रवाशांनी आरडाओरडा केला तेव्हा ती जाहिरात काढली. म्हणजे गरीब पोराने लिहिलेलं स्वतःचं नाव प्रवाशांना भीतिदायक, आणि पैसे भरून छापलेली नाझी चिन्हं चालतील! डबा तोच, फक्त पावती फाटलेली होती.

फाइव्ह पॉइंट्झची रात्र

आता या इतिहासातला सगळ्यात बोलका प्रसंग. क्वीन्स भागात लाँग आयलंड सिटी इथे एक जुना कारखाना होता. उद्योगधंदे बंद पडले तशी ती इमारत ओस पडली. मालक होते जेरी वोल्कॉफ. त्यांनी १९९० च्या दशकात कलाकारांना भिंती रंगवायची परवानगी दिली. २००२ पासून ‘मेरेस वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलाकाराने तिथली व्यवस्था सांभाळली आणि जागेला नाव दिलं ‘फाइव्ह पॉइंट्झ’, म्हणजे न्यूयॉर्कच्या पाचही विभागांचं एकत्र येणं. कोणती भिंत कुणाला द्यायची, कोणतं चित्र किती दिवस ठेवायचं याचे नियम त्यांनी स्वतःच केले. जगभरातून कलाकार येऊ लागले, शाळांच्या सहली येऊ लागल्या, पर्यटक येऊ लागले. ज्या भागात कुणी फिरकत नव्हतं तो भाग नावारूपाला आला.

नावारूपाला आला आणि तिथेच घात झाला. जमिनीचे भाव चढले. मालकाने कारखाना पाडून निवासी टॉवर बांधायचं ठरवलं. २०१३ मध्ये शहराने जास्त उंच बांधकामाला परवानगी दिली आणि त्या एका परवानगीने जागेची किंमत ४ कोटी डॉलरवरून २० कोटी डॉलरवर गेली, असं पुढे न्यायालयात पुढे आलं. भिंत रंगवणाऱ्यांनी वीस वर्षं फुकट मेहनत करून जो भाग जिवंत केला, त्या भागाची मलई मालकाच्या ताटात पडली.

कलाकार न्यायालयात गेले. अमेरिकेत १९९० चा एक कायदा आहे, तो मान्यता पावलेल्या कलाकृतीच्या नाशाविरुद्ध कलाकाराला हक्क देतो. न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी पाडकामाला स्थगिती द्यायला नकार दिला. पण सविस्तर निकालपत्र अजून यायचं होतं. तेवढ्यात, १९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री, पोलीस बंदोबस्तात मालकाने सगळ्या भिंतींवर पांढरा रंग फासला. सकाळी लोक आले तेव्हा वीस वर्षांच्या कामाला चुना लागलेला होता. इमारत प्रत्यक्षात पाडली गेली ती पुढच्या वर्षी. म्हणजे त्या रात्री घाई करण्याची काहीच गरज नव्हती. कलाकारांना आपली चित्रं उतरवून घ्यायलाही वेळ मिळू नये, एवढाच त्याचा उपयोग झाला.

पण कलाकार खचले नाहीत. २१ जणांनी खटला पुढे चालवला. त्यात ‘लेडी पिंक’ होती. इक्वेडोरमध्ये जन्मलेली ही मुलगी १९७९ पासून, म्हणजे रेल्वेच्या काळापासून, पुरुषांच्या या गर्दीत पाय रोवून चित्रं काढत होती. १२ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायाधीशांनी ४५ चित्रांसाठी प्रत्येकी दीड लाख, असे एकूण ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई म्हणून द्यायचा आदेश दिला. वरच्या न्यायालयात २०२० मध्ये तो कायम झाला. मालकाने रीतसर नोटीस देऊन थोडं थांबायचं सौजन्य दाखवलं असतं तर ही वेळ आली नसती, हेही निकालातून स्पष्ट झालं.

शेवटी त्या जागेवर टॉवर उभे राहिले. आणि त्या टॉवरला नाव काय दिलं? फाइव्ह पॉइंट्झ! ते नाव व्यापारचिन्ह म्हणून आपल्या नावे नोंदवायलाही मालकाची कंपनी गेली होती. चित्रं नकोत, चित्रकार नकोत, पण त्यांनी कमावलेलं नाव मात्र घरं विकायला हवं. आपल्याकडे गिरणगावात हेच घडलं. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरणी कामगार देशोधडीला लागला आणि फिनिक्स मिलच्या आवारात फिनिक्स नावाचाच मॉल उभा राहिला. कामगार गेला, नाव उरलं, तेही दुकानाच्या पाटीवर.

मालकी हक्काचं काय?

इथे कुणी म्हणेल, मालकाची भिंत, तो काय वाटेल ते करेल. रेल्वे सगळ्यांची, ती कुणी का रंगवावी? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्या रेल्वेने रोज कामावर जाणारे कष्टकरीही रंगाने माखलेल्या खिडक्यांना वैतागले होते. सार्वजनिक मालमत्ता जपली पाहिजे हे आपण मानतोच. बाबासाहेबांचा आग्रह कायद्याच्या राज्याचा होता.

पण ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अनुभव आपल्याइतका कुणाला नसेल. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं. कागदावर तळं सार्वजनिक झालं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसं खरोखर ते पाणी प्यायली, तेव्हा काय झालं? सवर्णांनी हल्ला केला. मग घागरी भरभरून पाणी काढून, पंचगव्य ओतून तळ्याचं शुद्धीकरण केलं. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आणि तेवढ्यावर न थांबता सवर्ण न्यायालयात गेले, की हे तळं सार्वजनिक नाहीच, खासगी आहे! त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती तोवर मालकीचा प्रश्न कुणाला पडला नव्हता. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात आपला विजय होईपर्यंत दहा वर्षं गेली.

विटाळ हा पाण्यात नव्हता, हातात शोधला गेला. ‘विद्रूपीकरण’ हा शब्द असाच वापरला जातो. जाहिरात कंपनीच्या हाताने रंग लागला तर ते उत्पन्न, प्रतिष्ठित कलावंताच्या हाताने लागला तर सुशोभीकरण, वस्तीतल्या पोराच्या हाताने लागला तर गुन्हा. मग त्यावर पांढरा रंग फासून शुद्धीकरण. आमचा आक्षेप कायद्याला नाही, माणूस बघून तो लावण्याला आहे.

आपल्या शहरांकडे वळून

महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे. तो सगळ्यांना सारखा लागतो का?

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला छेडा नगरजवळ पेट्रोल पंपावर प्रचंड होर्डिंग कोसळलं. १७ माणसं मेली. पालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फूट, हे होर्डिंग सुमारे १२० बाय १२० फुटांचं. भर महामार्गाला लागून उभी असलेली एवढी बेकायदा भिंत कुणाला दिसली नाही, कारण ती पैसे कमावत होती. वस्तीतल्या कार्यकर्त्याने भिंतीवर मोर्चाची तारीख लिहिली की मात्र दुसऱ्या दिवशी पोलीस दारात.

ब्रॉंक्सच्या खोट्या खिडक्या आपल्याकडेही आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प येणार म्हणून अहमदाबादेत झोपडपट्टी दिसू नये यासाठी रस्त्याकडेला भिंत बांधली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या पाहुण्यांसाठी मुंबईतल्या वस्त्यांपुढे पडदे लागले. वस्तीत पाणी आणायला निधी नसतो, वस्ती झाकायला मात्र तातडीने मिळतो.

आता रंगीत भिंतींची नवी लाट आली आहे. २०१७ मध्ये ससून डॉकवर मोठं कलाप्रदर्शन भरलं, माहीमच्या भिंती रंगल्या. कलावंतांचं काम चांगलं आहे, त्याला विरोध करायचं कारण नाही. पण फाइव्ह पॉइंट्झचा धडा हाच की रंगापाठोपाठ बिल्डर येतो. वस्ती देखणी झाली की भाव वाढतो, आणि भाव वाढला की पहिला बाहेर फेकला जातो तो वस्तीतलाच माणूस.

आणि एक कडू गोष्ट आपल्या घरची. १४ एप्रिलच्या कमानींवर बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा मोठे फोटो कुणाचे असतात? ज्या बिल्डरच्या योजनेत आपली वस्ती उठणार आहे, त्याच्याच पैशाने लागलेल्या फ्लेक्सवर ‘जय भीम’ छापलेलं असतं. ताकीने १९७१ मध्ये पक्षांच्या चिकटपट्ट्यांबद्दल विचारलेला प्रश्न आपल्या वस्तीतल्या पोराने आपल्याच पुढाऱ्यांना विचारला पाहिजे.

मग करायचं काय?

एक. आपल्या वस्त्यांच्या भिंतींवर नामांतराच्या घोषणा, बाबासाहेबांची, फुल्यांची, बुद्धाची चित्रं आहेत. पुनर्विकासाचा बुलडोझर येण्याआधी त्यांची छायाचित्रं काढा. कुणी काढलं, कोणत्या साली काढलं, हे त्या माणसांकडून लिहून घ्या. फाइव्ह पॉइंट्झचे कलाकार न्यायालयात जिंकले, कारण त्यांच्याकडे प्रत्येक चित्राचा पुरावा होता.

दोन. आपल्याकडेही कायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कलाकाराला त्याच्या कृतीबद्दल विशेष हक्क देतं. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून त्याची मोडतोड केल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सेहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये केंद्र सरकारकडून पाच लाख रुपये भरपाई मिळवून दिली. मात्र २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने वास्तुविशारद राज रेवाल यांच्या प्रकरणात इमारत पाडण्याचा मालकाचा हक्क मान्य केला. म्हणजे हा हक्क आपोआप मिळत नाही, भांडावं लागतं, आणि भांडायला कागद लागतात.

तीन. तुमच्या वॉर्डात किती होर्डिंगला परवाना आहे, किती बेकायदा आहेत, त्यांचे पैसे कुणाकडे जातात, हे माहितीच्या अधिकारात विचारा. वस्तीची भिंत रंगवायला कुणी संस्था आली तर तिचं स्वागत करा, पण आधी तीन प्रश्न विचारा: पैसा कुणाचा, चित्र कुणाचं ठरवणार, आणि पाच वर्षांनी ही वस्ती इथेच राहील का?

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये, हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य नोंदवलं होतं. मायकेल स्टुअर्टची गोष्ट आपली आहे ती त्याच नात्याने. त्याच्या हातात मार्कर होता की नाही, यावर न्यायालयात वकिलांनी खल केला. त्याचा गळा कुणी आवळला, यावर मात्र कुणालाच दोषी धरलं गेलं नाही.

भिंत स्वच्छ करायची आहे ना? मग सुरुवात सगळ्यात मोठ्या होर्डिंगपासून करा. पोराच्या हातातल्या ब्रशपर्यंत नंतर या.

जय भीम!